धूसर ताऱ्याची तबकडी: एका विज्ञानकथेतल्या द्रव्याची झाडाझडती

धूसर नावाचा तारा आकाशात नाही. तो एका दीर्घकथेत आहे आणि ही कथा नाशिकच्या एका छोट्या दिवाळी अंकाकडे आली होती. सूर्यासारखा तारा, त्याच्याभोवती धुळीची तबकडी आणि त्या धुळीत ‘एक्झॉटिक’ द्रव्य ठासून भरलेलं. पृथ्वीवरून गेलेलं यान ते द्रव्य आणायला निघालंय, असं कथानक. मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून संपादकांनी हस्तलिखित माझ्याकडे पाठवलं. सोबत दोन ओळी होत्या: भाषा चांगली आहे, विज्ञान पटत नाही, घ्यायची की परत करायची?

मी परत करू नका म्हणालो. कारण कल्पना पोकळ नव्हती, तिचे परिणाम शेवटपर्यंत ओढून नेलेले नव्हते एवढंच. मराठीत विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांपैकी बरेच जण याच ठिकाणी अडतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

लेखिका तिशीच्या आतली. शहराबाहेरच्या एका खडी क्रशरवर वजनकाटा आणि हिशेब सांभाळते. पहिल्या मसुद्यात तिची तबकडी जांभळी चमकत होती, जवळ येणारी यानं ओढून घेत होती आणि तिच्यातली धूळ कोट्यवधी वर्षं जशीच्या तशी फिरत होती. या तीनही गोष्टी ‘द्रव्य एक्झॉटिक आहे’ या एका वाक्यावर उभ्या होत्या. एक्झॉटिक म्हणजे नेमकं काय, हे कुठेच नव्हतं.

आधी खऱ्या तबकड्यांबद्दल. १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाला अभिजित ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त किरणं येताना दिसली. ताऱ्याभोवतीची धूळ तापून ती सोडत होती. पुढच्याच वर्षी बीटा पिक्टोरिस या ताऱ्याभोवतीच्या तबकडीचं छायाचित्र मिळालं. ही धूळ ग्रह घडताना उरलेल्या लघुग्रह-धूमकेतूंसारख्या गोळ्यांच्या टकरींतून तयार होते. मोठे गोळे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान. अशा मालिकेत बहुतेक वस्तुमान मोठ्या गोळ्यांत राहतं, पण उजेड अडवणारं क्षेत्रफळ जवळपास सगळं बारीक धुळीत जातं. दुर्बिणीला दिसते ती ही धूळ. आपल्या सूर्याभोवतीही ती आहे. ऑक्टोबरात पहाटे अंजनेरीच्या बाजूला, शहराच्या उजेडापासून लांब गेलं, तर पूर्वेला तिचा फिकट सुळका दिसतो. धूसरची धूळ आम्ही याच्या सुमारे हजारपट दाट धरली: ताऱ्याच्या एकूण प्रकाशापैकी दहा हजारावा भाग ती अडवते.

बारीक धूळ किती फसवू शकते याचं उदाहरण मीनास्य ताऱ्याजवळ आहे. नोव्हेंबरच्या संध्याकाळी नाशिकहून दक्षिणेला, क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर हा तारा एकटाच ठळक दिसतो. अंतर २५ प्रकाशवर्षं. २००८ मध्ये त्याच्या तबकडीत एक ठिपका सापडला आणि तो ग्रह म्हणून जाहीर झाला. पुढे हबलच्या चित्रांत तो पसरत आणि मंदावत गेला. २०२० मध्ये निष्कर्ष मांडला गेला की तो ग्रह नव्हता, दोन गोळ्यांच्या टकरीतून उडालेला धुळीचा ढग होता. हे सांगितल्यावर लेखिकेने धूसरच्या कथेतही नुकतीच झालेली एक मोठी टक्कर घातली. ते आवश्यकच होतं, कारण पट्टा ताऱ्यापासून २ खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट अंतरावर, ठेवायचा होता आणि इतक्या आतली दाट धूळ टकरीशिवाय फार काळ टिकत नाही.

आता मुख्य मुद्दा. एखादा कण कशाचा बनला आहे, हे त्याच्या कक्षेवरून कळत नाही. लोखंडाचा असो, बर्फाचा असो की आणखी कशाचा, दोन एककांवर फिरताना गुरुत्वामुळे त्याला तेवढाच वेळ लागतो: सूर्यासारख्या ताऱ्याभोवती २.८ वर्षं. म्हणजे एक्झॉटिक द्रव्याची तबकडी निव्वळ फिरण्यावरून ओळखू येणार नाही. फरक पडतो तो प्रकाशामुळे. प्रकाश कणाला बाहेर ढकलतो आणि हा धक्का कणाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, तर तो धक्का सोसायची ताकद वस्तुमानावर. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती साध्या दगडाचा, अर्ध्या मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी त्रिज्येचा कण टकरीतून सुटला की तबकडीत राहतच नाही, ताऱ्याच्या उजेडाने बाहेर फेकला जातो. त्याहून थोडे मोठे कण राहतात, पण तोच उजेड त्यांचा वेग हळूहळू खातो आणि ते आत सरकत जातात. पॉइंटिंग आणि रॉबर्टसन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. धूसरच्या पट्ट्यातला एक मायक्रॉनचा कण साधारण ७ हजार वर्षांत ताऱ्यापर्यंत पोचेल.

म्हणून मी लेखिकेला एकच प्रश्न घालून दिला: तुझं द्रव्य या उजेडाला कसं वागवतं? जांभळा रंग, ओढ, टिकाऊपणा, सगळं त्यातून निघालं पाहिजे. निघत नसेल तर जाऊ दे.

तिने आधी स्ट्रेंज क्वार्क द्रव्य निवडलं. क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते मूलकण. ही कल्पना शास्त्रात खरोखर मांडलेली आहे. १९८४ मध्ये एडवर्ड विटेन यांनी सुचवलं की विशिष्ट क्वार्कांचं द्रव्य साध्या अणुकेंद्रांपेक्षाही स्थिर असू शकेल. तसं द्रव्य अजून सापडलेलं नाही. असलंच तर त्याची घनता प्रचंड असेल, एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण ४० कोटी टन. तिला ते आवडलं. एवढ्या जड कणाला उजेड काय ढकलणार? धूळ टिकण्याचा प्रश्न सुटला.

मग आम्ही वजन काढलं. तिच्याकडच्या वजनपावतीच्या कोऱ्या बाजूवर, तिच्याच हाताने. एक मायक्रॉन त्रिज्येचा स्ट्रेंज कण: सुमारे १.७ किलो. डोळ्यांना न दिसणारा कण आणि वजन पावणेदोन किलोच्या घरात. आता पट्टा २ एककांवर, दहा हजारावा भाग उजेड अडवायचा, तर कणांचं एकूण क्षेत्रफळ हवं पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सव्वादोन लाख पट. त्यासाठी कण लागतील ३६ वर ३० शून्यं इतके. गुणाकार झाल्यावर ती थांबली. तबकडीचं वजन ३० सूर्यांइतकं भरत होतं. तारा एका सूर्याचा आणि त्याची धूळ तीस सूर्यांची.

“सर, आणि साधा दगड असता तर?”

तोही हिशेब तिनेच केला. साध्या दगडाचे तेवढेच कण म्हणजे ६६ किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह दळून झालेली धूळ. एवढ्याशा मालात अख्खी तबकडी उजळते. यानंतर तिला वेगळं काही समजावावं लागलं नाही: द्रव्य जितकं घट्ट, तितकं ते दिसत नाही. स्ट्रेंज द्रव्याची तबकडी असू शकेल, पण ती दुर्बिणीत चमकणार नाही.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. ३३ पॉलिहिम्निया या लघुग्रहाची घनता एका यादीत पाण्याच्या ७५ पट निघते. सर्वांत घन मूलद्रव्य ऑस्मियम, तेही पाण्याच्या साडेबावीस पटच. यावरून २०२३ मध्ये अतिघन द्रव्याची चर्चा झाली. पण त्या लघुग्रहाच्या वस्तुमानाचा अंदाजच भरवशाचा नव्हता, हे ती यादी करणाऱ्याने आधीच नोंदवून ठेवलं होतं. वजन चुकलं की कुठलाही दगड एक्झॉटिक दिसतो. कथेत शास्त्रज्ञ पात्र असेल तर त्याने आधी वजनावर शंका घ्यावी, असा माझा आग्रह होता आणि तो कथेला उपयोगी पडला.

दुसरा पर्याय ऋण, म्हणजे शून्याहून कमी, वस्तुमानाचा. इथे मी जास्त रमलो, हे मान्य करतो. १९५७ मध्ये हर्मन बाँडी यांनी सामान्य सापेक्षतेत ऋण वस्तुमान कसं वागेल याचा विचार मांडला. असा कण ताऱ्याकडे इतरांसारखाच पडतो, कारण त्याच्यावरचं गुरुत्वाचं बल उलटं असतं आणि बलाला त्याचा प्रतिसादही उलटाच, दोन्ही उणे एकमेकांना खाऊन टाकतात. पण उजेडाचा धक्का बाहेर बसला, तर त्याचा वेग आतल्या दिशेने वाढतो. म्हणजे जो उजेड साधी धूळ उडवून लावतो, तोच हिला ताऱ्याशी आणखी घट्ट बांधतो. पॉइंटिंग-रॉबर्टसन परिणाम तर पूर्ण उलटा होतो. वेग खाणारा रेटा त्याचा वेग वाढवतो आणि कण बाहेर सरकतो: साधा कण ज्या ७ हजार वर्षांत आत जाऊन ताऱ्याला मिळाला असता, तेवढ्यात हा २ एककांवरून २.८ एककांवर गेलेला असतो. बारीक धूळ जिथे असूच नये तिथे साठलेली आणि आतून बाहेर वाहणारी, हे चित्र सुंदर आहे. तिने त्यावर एक प्रकरण लिहूनही काढलं.

वस्तुमान ऋण म्हणजे ऊर्जाही ऋण, आणि ऋण ऊर्जेचा विषय मराठी वाचकांना अगदी परका नाही. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या सिद्धान्तात ‘सी-क्षेत्र’ होतं आणि त्याची ऊर्जा ऋण होती. विश्वात नवं द्रव्य निर्माण होत राहावं आणि ऊर्जेचा ताळेबंदही जुळावा, यासाठी ते घेतलेलं होतं. त्यात मला आदर वाटतो तो या गोष्टीचा: ऋण ऊर्जा घेतली, मग तिचे सगळे परिणाम समीकरणांत भोगले. कथालेखकालाही हेच करावं लागतं.

आणि भोगायला गेल्यावर तिचं प्रकरण कोसळलं. कण बनायला अणू लागतात. अणूत विजातीय विद्युतभार एकमेकांना ओढतात. पण दोघांचं वस्तुमान ऋण असेल, तर ओढ लागताच ते एकमेकांपासून लांब पळतील, आणि सजातीय भार ढकलले जाताच एकत्र येतील. त्या द्रव्यात सिलिकेट, म्हणजे दगडातलं नेहमीचं खनिज, नाही, बर्फ नाही, दगडच नाही. शिवाय स्पर्शाचा प्रश्न: ऋण वस्तुमानाच्या दगडाला यानाच्या यांत्रिक हाताने ढकललं, तर तो हाताकडेच येईल. “मग पकडायचा कसा?” असं तिने विचारलं. पकडता येणार नाही. तिच्या कथेचा अख्खा शेवटचा भाग त्या पकडण्यावर होता.

वाट मिळाली ती कॅसिमिर परिणामातून. १९४८ मध्ये हेंड्रिक कॅसिमिर यांनी दाखवलं की निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पाट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. १९९७ मध्ये हे नेमकेपणाने मोजलं गेलं. पाट्यांच्या मधल्या फटीतली ऊर्जा भोवतालच्या रिकाम्या जागेपेक्षा कमी, म्हणजे ऋण, असते. पण ती सुटी मिळत नाही. तिच्याभोवती पाट्या असतात आणि पाट्यांचं धन वस्तुमान तिच्या कितीतरी पट. मी एवढंच म्हणालो की ऋण ऊर्जेला निसर्गात नेहमी घर लागतं. ती म्हणाली, “मग दगडच घर. दगडाच्या आत हे द्रव्य रुतलेलं. दगड दगडासारखाच वागेल, फक्त वजन उतरेल.”

हीच कथेची एकमेव सूट ठरली. धूसरच्या धुळीत एक्झॉटिक द्रव्य साध्या सिलिकेटमध्ये रुतलेलं आहे आणि ते दगडाच्या दहा भाग वस्तुमानापैकी नऊ भाग रद्द करतं. निव्वळ वस्तुमान धनच राहतं, म्हणून दगड हातात धरता येतो, फुटतो, तापतो. असं द्रव्य कुणी पाहिलेलं नाही, ते कथेने मागून घेतलेलं आहे. पण त्यापुढे काहीही मागायचं नाही, असं ठरलं.

मग उजेडाचा प्रश्न पुन्हा. वजन दहापट कमी झालं की उजेडाचा धक्का दहापट भारी पडतो. साध्या दगडाची हद्द अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास होती, ती आता साडेचार मायक्रॉनवर गेली. त्याखालचं सगळं उडून जातं. पहिल्या मसुद्यात एक्झॉटिक द्रव्यामुळे धूळ टिकत होती. खरं तर त्याच्यामुळे ती जास्त वेगाने नाहीशी व्हायला हवी. जांभळी चमक गेली, ओढ गेली, टिकाऊपणा गेला. तीनही गोष्टी काढताना ती हळहळली नाही, याचं मला कौतुक वाटलं.

दुर्बिणीत याची खूण काय? सिलिकेटची बारीक धूळ तापली की तिच्या वर्णपटात १० मायक्रॉन तरंगलांबीजवळ एक शिखर दिसतं. कण पाच मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून मोठे असतील तर ते शिखर दबतं. धूसरचा पट्टा उणे ७५ अंश सेल्सियसच्या आसपास आहे, त्यामुळे ते शिखर तिथे शोधता येण्याजोगं आहे. मोठी टक्कर नुकतीच झालेली, म्हणजे बारीक धूळ भरपूर हवी, आणि शिखर मात्र सपाट. कथेतल्या खगोलशास्त्रज्ञाला पहिला संशय इथून यायला हवा. मला हे जांभळ्या चमकेपेक्षा कितीतरी जास्त रोमांचक वाटतं.

या टप्प्यावर लेखिकेने जो आक्षेप घेतला, तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा आहे आणि तो तिच्या कामातून आला. क्रशरवर माल ब्रासने मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ब्रासभर खडी काट्यावर चार-साडेचार टन भरते. आपला काळा पाषाण अखंड घेतला तर तेवढ्याच जागेत तो आठ टनांच्या वर जाईल. गाडीचं वजन कमी आलं तर पहिला प्रश्न मालाच्या जातीचा नसतो, मधल्या पोकळीचा असतो. “सर, तुमचा खगोलशास्त्रज्ञ म्हणेल की धूळ भुसभुशीत आहे. एक्झॉटिक कशाला?”

बरोबर. खऱ्या धूमकेतूंबाबत हेच घडतं. ६७पी या धूमकेतूची घनता पाण्याच्या साधारण निम्मी आहे आणि त्याचं कारण पोकळी आहे.

धुळीपुरतं उत्तर वर्णपटात मिळतं. भुसभुशीत कण आकाराने पाच मायक्रॉनचा दिसला तरी त्यातला माल थोडा आणि विखुरलेला असतो, त्यामुळे तो बऱ्याच अंशी बारीक कणासारखा वागतो आणि १० मायक्रॉनचं शिखर दाखवतो. भरीव पण हलका कण ते दाखवणार नाही. तरीही संशय पुरता फिटत नाही. टकरीनंतर बारीक धूळ दुसऱ्या कुठल्या कारणाने कमी उरली असेल, असं कुणी म्हणू शकतं. पुरावा जवळ जाऊनच मिळेल.

त्यासाठी ६७पीकडे गेलेल्या रोझेटा यानाच्या मोहिमेतलं एक उपकरण कामी आलं. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिली हे लँडर ६७पीवर उतरलं. कॉन्सर्ट नावाच्या उपकरणाने लँडर आणि यान यांच्यामध्ये, धूमकेतूच्या आरपार, रेडिओ लहरी पाठवल्या. भरीव दगडातून लहर हळू जाते, पोकळीतून जवळपास प्रकाशाच्या वेगाने. ६७पीचा डायलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पदार्थ लहरीला किती मंदावतो ते सांगणारा आकडा, १.२७ निघाला, निर्वाताचा १ असतो. बहुतांश पोकळी, हे त्यावरून पक्कं झालं. भरीव खडकाचा हाच आकडा सातच्या आसपास असतो.

कथेत आता यान धूसरच्या पट्ट्यातल्या एक किलोमीटरच्या खडकाजवळून जातं. आपला मार्ग किती वळला यावरून खडकाचं वजन काढतं. घनता येते पाण्याच्या पावपट. सगळ्यांचं मत पडतं की भुसभुशीत ढेकूळ आहे. मग आरपार रेडिओ लहर सोडतात. पोकळ असता तर ती पावणेचार मायक्रोसेकंदांत पलीकडे पोचली असती. ती पोचते ८.८ मायक्रोसेकंदांनी. वजन फेसाचं आणि आतून अखंड पाषाण. पाच मायक्रोसेकंदांच्या उशिरावर कथेचा सगळा डोलारा उभा राहतो आणि ते प्रकरण तिने फार ताकदीने लिहिलं आहे. काट्यावरच्या माणसाला वजन आणि माल यांत मेळ बसत नाही तेव्हा जी अस्वस्थता येते, ती त्या पात्रात आली आहे.

एक दुरुस्ती शेवटी राहिली होती. टकरींत खडक फुटत गेले तर कधीतरी तुकडे इतके लहान होतील की काहींत एक्झॉटिक द्रव्य जास्त येईल, काहींत अजिबात नाही. ज्यांत नाही ते साधे कण होतील, एक मायक्रॉनचेही टिकतील, आणि १० मायक्रॉनचं शिखर परत उगवेल. म्हणजे कथेतला पहिला पुरावाच जाईल. त्यावर तिने रुतलेल्या द्रव्याचे दाणे नॅनोमीटरच्या घरात आणले, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या तुकड्यातही ते सारखे पसरलेले राहतील. हे दगड घडतानाच त्यात मिसळलं असणार, नंतर कुणी भरलेलं नाही, हे यातून आपोआप ठरलं. त्यामुळे तिच्या मूळ कथेतली प्राचीन प्रगत संस्कृती गळाली. तिच्या जागी धूसर ज्या वायुमेघातून जन्मला त्या मेघाचा उल्लेख आला आणि द्रव्य त्या मेघात कुठून आलं हा प्रश्न कथेने उघडा ठेवला.

संपादकांना मी लेखी कळवलं: कथा घ्यावी, जांभळ्या तबकडीचं सुरुवातीचं पान वगळावं, वजनकाट्यासारख्या तपशिलांना हात लावू नये. कथा स्वीकारली गेली. लेखिकेने पुढच्या कथेसाठी स्ट्रेंज द्रव्य राखून ठेवलं आहे. त्याचा एक मिलिमीटर त्रिज्येचा खडा सुमारे १७ लाख टनांचा असेल आणि त्याच्यापासून दहा सेंटिमीटरवर पृथ्वीपेक्षा किंचित जास्त गुरुत्व जाणवेल, एवढा हिशेब तिने करून पाठवला आहे. मी तपासला, बरोबर आहे.